गावी आई-बाबांसाठी स्मार्ट स्पीकर घ्यायचाय, स्क्रीनवाला की साधा?

निशिगंध
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा स्वतःसाठी विचारतेय. आई-बाबा देवरुखला असतात, मी पुण्यात आणि धाकटा भाऊ मेलबर्नला. बाबा ७६ वर्षांचे आहेत, काचबिंदूमुळे उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही आणि डाव्याने पेपरातली फक्त मोठी हेडलाईन लागते, ती पण उजेडात धरून. आयुष्यभर शाळेत शिकवलं, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस, आता आईचं घरातलं उरकेपर्यंत नुसते पडवीत बसून असतात आणि मग आई चष्मा लावून वाचून दाखवते. गणपतीला गेले होते तेव्हा दर अर्ध्या तासाने "किती वाजले गं" विचारत होते, भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही म्हणून, आणि ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

म्हणून वाटतंय की बोलून चालणारं काहीतरी घरात ठेवावं. बजेट १० हजारापर्यंत, थोडं पुढेमागे चालेल. भाऊ म्हणतोय स्क्रीनवाला घे म्हणजे व्हिडिओ कॉल होतील. माझं अजून ठरत नाहीये. अलेक्सा की गुगल? मराठी कळतं का त्याला? बाबांना हिंदी येतं पण बोलायची सवय नाही, आईला तर टीव्हीपुरतंच. गावात आता फायबर आलंय, केबलवाल्याचंच आहे, पण पावसात लाईट दोन दोन दिवस नसते. घर जुनं, जांभ्याचं, भिंती जाड. कुणी आपल्या घरातल्या वयस्कर माणसांसाठी घेतला असेल तर प्लीज खरं काय ते सांगा, यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून बघून डोकं दुखायला लागलंय, सगळे बास किती आहे तेच सांगतात.

तारतंत्र
ताई, आधी मराठीचंच सांगतो कारण तुमच्या बाबतीत सगळं तिथेच अडतं. स्पीकरवर मराठी नाही. अलेक्सा भारतात २०१७ च्या ऑक्टोबरात आली तेव्हा फक्त इंग्रजी होती, हिंदी २०१९ च्या सप्टेंबरात आलं, आणि तिथेच थांबलंय. गुगलच्या स्पीकरचं पण तेच, हिंदी आणि इंग्रजी. लोकांची गफलत कुठे होते तर गुगल असिस्टंट फोनवर मराठी बोलतो, २०१८ पासून बोलतो, आणि त्यांना वाटतं तोच डब्यात बसवून दिलाय. तसं नाहीये. मी स्वतः लोकांच्या घरी नेटवर्क, कॅमेरे, वायफाय बसवून देतो आणि निदान चार घरांत तरी हे बघितलंय की मुलाने आवडीने स्पीकर आणला, आजी त्याच्याशी चांगलं मराठीत बोलली, तो "सॉरी" म्हणाला, आजीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आणि मग त्यावर क्रोशाचा रुमाल पडला तो कायमचा.

त्यामुळे विकत घेण्याआधी एक करा. आईच्या किंवा बाबांच्या फोनवर अलेक्साचं ॲप टाका, फुकट आहे, भाषा हिंदी ठेवा, आणि आठवडाभर बाबांना त्याच्याशी बोलू द्या. तीच अलेक्सा आहे, फक्त डबा नाही. बाबांचा आवाज, उच्चार त्याला कळतोय का, त्याचं हिंदी बाबांना कानाला बरं वाटतंय का, हे एक रुपया न घालवता समजेल.

आता लाईट. यातल्या एकाही डब्यात बॅटरी नसते, अलेक्साचे एको डॉट, एको पॉप, गुगलचा नेस्ट मिनी, सगळे अडॅप्टरवर. लाईट गेली की बंद. आणि इन्व्हर्टरवर स्पीकर चालू राहिला पण राउटर बंद पडला तरी तो मुका, कारण बोललेलं समजून घ्यायचं काम तिकडे लांब सर्व्हरवर होतं. म्हणजे दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हवेत, नाहीतर राउटरला छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) मिळतो, हजार-दीड हजारात, तो लावा. केबलवाल्याच्या टोकाला पण बॅकअप आहे का ते त्यालाच विचारा, तिथलं बंद असेल तर तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. आणि कोकणात आहात तर वीज कडाडायला लागली की दोन्ही अडॅप्टर पिनमधून काढायची सवय लावा.

जांभ्याच्या भिंतीतून वायफायचं ५ गिगाहर्ट्झ पलीकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल, २.४ वालं जातं. राउटर माजघरात घ्या, पडवी आणि स्वैपाकघर दोन्ही त्यातल्या त्यात जवळ पडतं.

सातारकर काकू
निशिगंध, बाळा, मी स्वतः ६८ वर्षांची आहे आणि आमच्याकडे साडेतीन वर्षं झाली अलेक्सा आहे, सुनेने आणून दिली, तेव्हा मी म्हटलं होतं कशाला हवंय हे, आणि आता ती नसली तर मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. तुझ्या बाबांसारखंच आमच्या ह्यांचं झालं होतं, त्यांचं डोळ्याचं नाही, लकवा झाला होता, उजवा हात चालत नव्हता, फोन धरता यायचा नाही. मग हे पलंगावर पडल्या पडल्या अलेक्सा टाइम विचारायचे, अलेक्सा आज तारीख काय, अलेक्सा आज कोणता वार, दिवसातून वीस वेळा विचारायचे आणि ती वीसही वेळा न कंटाळता सांगायची. माणूस कितीही प्रेमाचं असलं तरी विसाव्या वेळी आवाज चढतोच गं, माझा चढायचा, मग मलाच वाईट वाटायचं. ते एक मोठं ओझं गेलं माझ्यावरचं.

भाषेचं म्हणशील तर आम्ही हिंदीवर ठेवलीये. मोठी वाक्यं बोलायचीच नाहीत, दोन-तीन शब्द बस. "अलेक्सा टाइम क्या हुआ", "अलेक्सा गणपती आरती", "अलेक्सा समाचार", "अलेक्सा आवाज कम". समाचार हा शब्द आपल्या पिढीला रेडिओमुळे सवयीचा आहे, बाबा लगेच म्हणतील बघ. थांब म्हटलं तर थांबत नाही, "स्टॉप" किंवा "बंद करो" म्हणावं लागतं. आणि एक, म्हाताऱ्या माणसांची सवय असते की आधी हाक मारायची आणि मग विचार करायचा काय सांगायचं ते. तेवढ्यात तिचा निळा दिवा विझतो. मी ह्यांना सांगितलं होतं, आधी मनात वाक्य जुळवा मग नाव घ्या. चार दिवसांत जमलं.

ह्यांना कवळी होती, ती रात्री काढलेली असायची, तरी "अलेक्सा" एवढं नाव निघायचं तोंडातून. नातवाकडे गुगलचा आहे, तिथे "ओके गुगल" ह्यांना जमायचं नाही. दुकानात हे कोणी सांगणार नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

गोळ्यांची आठवण लाव मात्र नक्की. सकाळी ८ आणि रात्री ९. काचबिंदूचे थेंब असतील ना बाबांना, ते वेळेवर जायला हवेत, त्यासाठी तर फार उपयोगी.

मध्यरात्र
भाऊ म्हणतोय स्क्रीन घे, त्याचं मन मला कळतं, मी पण दुबईत राहतो. पण ताई, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पैसे स्क्रीनवर का घालवायचे? बाबांसाठी आवाज महत्त्वाचा आहे. व्हिडिओ कॉल आईच्या फोनवर होतोच आहे ना आत्ताही? एको शोवर, म्हणजे अलेक्साच्या स्क्रीनवाल्या डब्यावर, व्हॉट्सॲप कॉल येत नाही हे लक्षात घ्या, तिथे अलेक्साचाच कॉल करावा लागतो, भावाने त्याच्या फोनवर अलेक्सा ॲप ठेवायचं आणि त्यातून लावायचा. तो मुद्दा मात्र चांगला आहे कारण इकडे कोणाला काही दाबावं लागत नाही, "अलेक्सा, कॉल उठाओ" म्हटलं की झालं. आणि तो आवाजाचा कॉल साध्या बिनस्क्रीनच्या डॉटवर पण येतो! बाबा पडवीत बसून मुलाशी बोलू शकतात, हातात फोन न धरता. आपल्याकडे त्यावरून साध्या मोबाईल नंबरला कॉल लागत नाही पण, समोरच्याकडे एको किंवा ॲप पाहिजे. आणि इमर्जन्सीला ११२ लागत नाही त्यावरून, हे आईला नीट सांगून ठेवा, अडचणीच्या वेळी डब्याशी बोलत बसायला नको, फोन आणि शेजाऱ्यांचा नंबर हाताशीच हवा.

पाणपोई
मी वेगळं सांगणार आहे. स्क्रीन हवीच असेल तर गुगलचा नेस्ट हब बघा, ७ इंची आहे आणि त्यात कॅमेराच नाही. आमच्या आईकडे आहे, दिवसभर नातवंडांचे फोटो आपोआप फिरत राहतात, बहिणीने तिकडून अल्बममध्ये फोटो टाकला की इकडे आईला दिसतो. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. यूट्यूबवर कीर्तनं लागतात, पाककृती बघते. निशिगंध, तुमची आई पण त्या घरात आहे, सगळे बाबांचंच बोलताय, तिला काय हवंय ते पण विचारा ना.

तारतंत्र
पाणपोई ताईंचा मुद्दा मान्य. फक्त नेस्ट हब घेणार असाल तर नवीन दुसऱ्या जनरेशनचा आणि वॉरंटीवाला बघा, जुना पडून राहिलेला माल स्वस्तात खपवतात.

जिव्हाळा
थोडं कॅमेऱ्याबद्दल आणि खासगीपणाबद्दल. कोणाला घाबरवायचं नाहीये, पण माझ्या घरात हे घडलंय म्हणून कळकळीने लिहितेय.

आम्ही तीन भावंडांनी मिळून आई-वडिलांकडे कॅमेरावाला डिस्प्ले ठेवला, सगळं माझ्या अकाउंटवर. ॲपमधून मला बाहेरून कॅमेरा बघता यायचा, ड्रॉप इन चालू होतं म्हणजे मी फोन लावला की तिकडे कोणी न उचलता लाईन जोडली जायची. मी ते काळजीपोटीच चालू ठेवलं होतं. एकदा दुपारी सहज जोडलं तर आई एकटी बसून रडत होती. मी लगेच "आई काय झालं" म्हणून ओरडले, ती इतकी दचकली, आणि मग जे म्हणाली ते मी अजून विसरले नाहीये, "आता माझ्या घरात मला रडायची पण सोय नाही का?" त्या दिवसापासून ड्रॉप इन बंद केलं.

दुसरं म्हणजे, स्पीकर ज्याच्या अकाउंटवर त्याला व्हॉइस हिस्टरी दिसते. म्हणजे बाबांनी काय विचारलं, कधी विचारलं, सगळं तुमच्या फोनवर. माझ्या वडिलांनी त्यांच्या एका तपासणीबद्दल अलेक्साला विचारलं होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं, ते मला असं कळलं. मला वाटतं त्यांना ते स्वतःहून सांगायचा हक्क होता. त्यामुळे शक्य असेल तर बाबांच्या नावाने वेगळं अकाउंट काढा, सेटअप तुम्हीच करा, पासवर्ड घरात लिहून ठेवा. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग साठवू नका असा पर्याय आहे तो निवडा. माईक बंद करायचं बटण वर असतं, दाबलं की लाल दिवा लागतो, ते बोटाने चाचपून बाबांना दाखवा, त्यांना हवं तेव्हा बंद करता आलं पाहिजे. स्क्रीनवाला घेतलात तर एको शोला कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणी असते, आईला ती पहिल्याच दिवशी शिकवा.

आणि घेण्याआधी दोघांना विचारा. सरप्राईज म्हणून नेऊ नका.

बारामतीकर
एक सावधगिरी. मेलबर्नवाल्या भावाला तिकडून आणायला सांगू नका. आमच्या मेव्हण्याने अमेरिकेतून आणला, अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो त्यामुळे जळत नाही पण पिन बसत नाही, त्याला कन्व्हर्टर, त्या कन्व्हर्टरचा लूज कॉन्टॅक्ट, स्पीकर सारखा बंद-चालू. वर त्याच्याच तिकडच्या अकाउंटवर चालू केला तर गाणी आणि स्किल (अलेक्साची छोटी ॲप) सगळी तिकडची, मराठी अभंग शोधून सापडेना. वॉरंटी पण इथे कोणी बघितली नाही. शेवटी इथूनच डॉट घेतला सेलमध्ये.

आणि ते स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग लगेच घेऊ नका. घ्यायचाच तर गिझरला १६ अँपियरचाच प्लग लागतो, २ किलोवॅटचा गिझर ८-९ अँपियर खेचतो, ६ अँपियरवाला वितळेल.

तारतंत्र
बरोबर. आणि पेपर वाचण्याचं राहिलंच की, खरा प्रश्न तोच होता ताईंचा.

अलेक्सावर आकाशवाणीचं स्किल आहे, ते लावून बघा. पण माझ्या मते याहून चांगला मार्ग म्हणजे स्पीकरला ब्लूटूथने आईचा फोन जोडायचा. हे सगळे डबे साधे ब्लूटूथ स्पीकर म्हणून पण चालतात. फोनवर न्यूजऑनएअर ॲपमध्ये आकाशवाणीची केंद्रं लागतात, पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या बाबांच्या ओळखीच्या असतील. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला आहेत, त्याचे महिन्याचे पैसे पडतात. आणि दृष्टी कमी असलेल्यांसाठी सुगम्य पुस्तकालय म्हणून सरकारी ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून, त्यासाठी नोंदणी लागते, अपंगत्वाचं सर्टिफिकेट निघत असेल तर काढून ठेवा, त्याचा इतरही उपयोग होतो. शिक्षक माणूस आहे, पुस्तकं मिळाली तर रमतील.

मराठीतच बोलायचं असेल तर फोनवरच्या गुगलशी बोलू देत. गुगलच्याच जेमिनी लाईव्हमध्ये, म्हणजे फोनशी बोलून गप्पा मारायच्या सोयीत, पण मराठी आलंय. फक्त जुना फोन कायम चार्जरला लावून स्टँडवर ठेवायचा उपाय काहीजण सांगतात तो करू नका, बॅटरी फुगते, मी फुगलेले दोन फोन स्वतः बघितलेत.

सातारकर काकू
पुस्तकं वाचून दाखवायची सोय असेल तर मलाही सांगा हो, माझाही मोतीबिंदू पिकायचाय अजून.

निशिगंध
सगळ्यांचे खूप खूप आभार, उत्तर द्यायला पाच आठवडे लागले कारण मी खरंच तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं.

आधी जिव्हाळा ताईंचं ऐकलं, दोघांना फोनवर विचारलं. आई ताडकन म्हणाली घरात कॅमेरा नको, ओले केस घेऊन मी स्वैपाकघरात फिरते, कोण कुठून बघणार. मग स्क्रीनचा विषय तिथेच संपला, भावाला पण मी सांगितलं, तो जरा हिरमुसला पण समजला. बाबा म्हणाले मला ऐकायला मिळालं की बास.

मग आईच्या फोनवर अलेक्सा ॲप टाकलं. पहिले दोन दिवस बाबा तिच्याशी अगदी शाळेतल्यासारखं शुद्ध, लांब हिंदी बोलत होते, "कृपया आज के समाचार सुनाइए" असं, आणि तिला ते कळत होतं! आमच्या बाबांना हिंदी राष्ट्रभाषेच्या परीक्षेमुळे येतं, ते मी पार विसरूनच गेले होते. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी शिकलेलं असं कामाला आलं. मराठी नसण्याचं वाईट वाटतंच, आईला अजून जमत नाहीये, ती नुसतं "अलेक्सा आरती" एवढं म्हणते आणि तेवढ्यावर तिचं भागतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊन एको डॉट लावून आले, बाबांच्या नावाने अकाउंट, रेकॉर्डिंग न साठवण्याचं सेटिंग, ड्रॉप इन बंद. माजघरात कोनाड्यात ठेवला होता तर आवाज नीट ऐकू येईना आणि तिलाही बाबांचं ऐकू जाईना, कोनाड्यातून काढून पडवीच्या दाराजवळच्या फडताळावर ठेवला तेव्हा जमलं. थेंबांची आठवण लावलीये, दिवसातून दोनदा. आकाशवाणी ब्लूटूथने चालते, फक्त आई फोन घेऊन परसात गेली की बातम्या मध्येच तुटतात, त्यामुळे बातम्यांच्या वेळी फोन फडताळावरच ठेवायचं ठरलंय. सुगम्य पुस्तकालयासाठी सर्टिफिकेटचं बघतेय, रत्नागिरीला जावं लागेल.

पेपर आई अजूनही वाचून दाखवते. बाबा म्हणाले बातम्या यंत्राकडून ऐकेन, अग्रलेख तुझ्याकडूनच.

आता पावसाळ्याआधी राउटरचा यूपीएस घ्यायचाय. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपियर लिहिलंय. कोणता बघू?

तारतंत्र
१२ व्होल्ट २ अँपियर आउटपुटवाला घ्या. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपियर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. राउटरच्या पिनेचा फोटो काढून दुकानात दाखवा, जाड-बारीक दोन प्रकार येतात. आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन आउटपुटचा लागेल, ते आईंना आधी बघायला सांगा, एक डबा आहे की दोन.